सिनेमॅटिकच्या नावानं चांगभलं

क्रिकेटच्या व्हिडिओत चेंडू दिसावा, ही अपेक्षा फार आहे का हो?

नाही, खरंच विचारतोय. गेल्या दोन-तीन सीझनमध्ये आमच्या भागातल्या टेनिस क्रिकेटचे जेवढे व्हिडिओ मी पाहिले, त्यातल्या निम्म्याहून जास्त व्हिडिओंत बाकी सगळं दिसतं. केशरी आकाश दिसतं, ड्रोनमधून ताडाची झाडं दिसतात, षटकार गेला की बॅट्समनच्या पाठीमागे कॉम्प्युटरने काढलेली आग दिसते. चेंडू मात्र दिसत नाही. त्याच्या जागी एक पुसट रेघ असते. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, "दादा, सिनेमॅटिक आहे ते."

तर मंडळी, आजचा राग ह्या 'सिनेमॅटिक'वर. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ठिकाण सांगतो. आशागड. डहाणू रोडला उतरायचं आणि पूर्वेला, जव्हारच्या रस्त्याने रिक्षा धरायची. डहाणू म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या लोकांना समुद्रकिनारा आणि चिकू आठवतात. आमची बाजू समुद्राची नाही, भाताची. भात कापून झालं, दिवाळी सरली की शेतं रिकामी होतात. मग एखादं मोठं, सपाट वावर बघून बांध जरा चोपायचे, रोलर फिरवायचा, चुन्याने क्रीझ आखायची, मंडपवाल्याकडून कनात आणि भोंगे आणायचे. झालं मैदान. तिथपासून पाऊस पडेपर्यंत डहाणू-तलासरी पट्ट्यात दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असतेच. मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी सकाळी गाडी पकडून तिकडे पळतो. पूर्वी खेळायचो, आता गुडघा परवानगी देत नाही म्हणून कॅमेरा घेऊन उभा राहतो.

ह्या स्पर्धा आता नुसती करमणूक राहिलेल्या नाहीत. २०२४च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस बॉल, दहा ओव्हर, संघांचे लिलाव, सगळा थाटमाट. त्याच्या आधीपासूनच चांगल्या पोरांना दुसऱ्या तालुक्यातले संघ पाहुणा खेळाडू म्हणून बोलावत होते, पैसेही देत होते. बोलावणारा माणूस आशागडच्या वावरात येऊन उभा राहत नाही. तो म्हणतो, "व्हिडिओ पाठव." म्हणजे बायोडेटा काय तो हाच. आपण सहा-सहा तास बसून रेझ्युमेचा फाँट ठरवतो, आणि त्या पोराच्या रेझ्युमेवर कुणीतरी धूर सोडून ठेवलेला असतो.

आता हा धूर येतो कुठून ते बघू.

व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटो. सेकंदाला किती फोटो काढायचे, हा झाला फ्रेम रेट. प्रत्येक फोटोसाठी कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा ठेवायचा, हा झाला शटर स्पीड. यूट्यूबवरचे गुरू सांगतात की फ्रेम २४ ठेवा, शटर त्याच्या दुप्पट म्हणजे १/५० ठेवा, म्हणजे हालचाल सिनेमासारखी मऊ दिसते. वाक्य पाठ करायला सोपं आहे, म्हणून सगळ्यांनी पाठ केलंय.

जरा गुणाकार करू. बरा बॉलर ताशी १०० किलोमीटरने टाकतो असं धरा. म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. १/५० सेकंदात चेंडू सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे जातो. टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका फोटोत एका चेंडूच्या जागी आठ चेंडूंइतकी लांब रेघ. तोच शटर १/१००० करा, रेघ पावणेतीन सेंटिमीटरवर येते. चेंडू गोल दिसतो, टप्पा कळतो, बॅटला लागला की पॅडला लागला ते कळतं. हे कळण्यासाठी नवीन कॅमेरा लागत नाही, आहे त्याच कॅमेऱ्यातला एक आकडा बदलावा लागतो.

आणि आता गंमत ऐका. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला, छिद्र एफ/१६ असेल तर शटर साधारण १/१०० बसतो. फोटोग्राफीतला हा जुना ठोकताळा आहे, फिल्मच्या काळातला. मग १/५० हट्टाने ठेवायचा आणि लेन्स एफ/२.८ वर उघडायची (मागचं धूसर दिसावं म्हणून!) तर प्रकाश सहा पायऱ्या जास्त होतो. म्हणून लेन्सवर काळी काच लावायची. एनडी फिल्टर. चौसष्टातले त्रेसष्ट भाग प्रकाश अडवणारी काच विकत घ्यायची, का, तर चेंडू नीट दिसू नये म्हणून. आशागडला जानेवारीत दुपारी दोन वाजता ऊन फुकट मिळतं हो! त्याच उन्हात एफ/५.६ ला १/८०० आरामात मिळतो, काच नको, खर्च नको.

ह्याहून मोठा विनोद असा, की ज्याच्या हातात साधा फोन आहे आणि ज्याला सेटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्याचा दुपारचा व्हिडिओ ह्या सिनेमॅटिकवाल्यापेक्षा चांगला येतो. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा बदलत नाही, एफ/१.८ वगैरे मोठंच असतं. त्यामुळे भर उन्हात फोनला नाइलाजाने शटर १/४०००च्या आसपास न्यावा लागतो. बाउंड्रीवर बसलेल्या पोराच्या फोनमध्ये चेंडूची शिवण दिसते आणि भाड्याने आणलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात धुकं. (फोनचं हे शहाणपण संध्याकाळी पाचपर्यंतच टिकतं. सूर्य ताडांमागे गेला की ऑटो मोड गपचूप शटर खाली आणतो आणि शेवटच्या चार ओव्हर वाहून जातात. प्रो मोड असेल तर शटर १/५०० ला रोखून धरा आणि आयएसओ चढू द्या. थोडी दाणेदार खरखर येईल, येऊ दे. खरखरीतून माणूस ओळखता येतो, रेघेतून नाही.)

कॅमेरावाल्यांना मी दोष देत नाही, बरं का. स्पर्धेला येणारा कॅमेरावाला बहुतेक वेळा लग्नाचा कॅमेरावाला असतो. नवरी पायऱ्या उतरते तेव्हा १/५० छानच दिसतो, पदर कसा हलका लहरतो. तेच सेटिंग घेऊन तो बिचारा रविवारी मैदानावर येतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथे पदर नाही, यॉर्कर आहे. माझा राग आहे तो 'सिनेमासारखं म्हणजे भारी' ह्या समजुतीवर.

कारण हे २४ आलं कुठून? मूकपटांच्या काळात वेगाचा काही धरबंध नव्हता. १९२०च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले, आवाज फिल्मवरच छापायचा म्हटल्यावर वेग एकच ठेवणं भाग पडलं. आवाज बरा यावा आणि फिल्म फार खर्च होऊ नये, ह्या दोन्हींच्या मधला आकडा म्हणून २४ ठरलं. म्हणजे हा बजेटचा निर्णय आहे. आपल्या मॅनेजरने पहिल्या रिलीजला घाईत ठरवलेला आकडा शंभर वर्षांनी लोक देव्हाऱ्यात ठेवतील, तसा प्रकार.

खेळाची परंपरा वेगळीच आहे. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं, ते पाल पद्धतीचं. त्यात सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, पण ती दोन भागांत, एक ओळ सोडून एक अशी, ५० वेळा टिपलेली. म्हणून थेट प्रक्षेपणात हालचाल सेकंदाला ५० वेळा पकडली जायची. आपल्या बापांनी कपिल देव पाहिला तो असा, पन्नासने. आता त्यांच्या पोरांनी, हातात शंभरपट ताकदीचं यंत्र असताना, चोवीसवर उतरावं आणि त्याला प्रगती म्हणावं?

बरं, सिनेमावाले तरी हा नियम पाळतात का? 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधली किनाऱ्यावरची लढाई आठवा. तिथे शटर मुद्दाम नेहमीच्या निम्मा आणि त्याहूनही कमी वेळ उघडा ठेवला होता, म्हणून उडालेला मातीचा कण न् कण दिसतो. ज्यांना काही दाखवायचं असतं ते शटर आवळतात. आमचे लोक वाळूचा कणच काय, अख्खा चेंडू गिळून बसलेत.

आता जे सांगतो त्यामुळे हे सगळं माझ्या डोक्यात जास्त बसलंय.

मागच्या सीझनला आशागडच्याच एका वावरात सेमीफायनल चालली होती. शेवटच्या ओव्हरला तीन हवे होते. स्ट्राइकवरचा पोरगा दुसऱ्या धावेसाठी जीव खाऊन परतला, कीपरने बेल्स उडवल्या, आणि अर्धं मैदान 'आउट' ओरडलं, अर्धं 'नाय, नाय'. पंच स्क्वेअर लेगला नव्हताच, माणूस कमी होता. मग कुणीतरी म्हणालं, कॅमेरा हाय की! सगळे कॅमेरावाल्याच्या लॅपटॉपभोवती गोळा. एका फ्रेममध्ये बॅट क्रीझच्या बाहेर, बेल्स जागेवर. पुढच्या फ्रेममध्ये बॅटच्या जागी वीतभर लांब करडा पट्टा आणि बेल्स हवेत. तो पट्टा रेषेच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही. दोन्ही बाजूंना आपापलं दिसलं. दहा मिनिटं वाद, शिव्या, एकाची कॉलर. शेवटी ज्या गावाची माणसं जास्त, त्या गावाच्या बाजूने निर्णय गेला. पोरगा आउट. तो बोईसरला तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो, खाडा करून आला होता. काही न बोलता पॅड सोडून झाडाखाली जाऊन बसला.

त्यात कॅमेऱ्याचं गणित बघा. धावणारा माणूस क्रीझपाशी सेकंदाला सहा मीटरने येतो असं धरा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फोटोंमध्ये तो २४ सेंटिमीटर सरकतो. हा झाला आंधळा भाग, त्या वेळात काय झालं ते कॅमेऱ्याला ठाऊकच नाही. शिवाय १/५० शटरमुळे प्रत्येक फोटोत बॅट १२ सेंटिमीटर फरफटलेली. ५० फ्रेम आणि १/१००० केलं की आंधळा भाग १२ सेंटिमीटर, फरफट सहा मिलिमीटर. आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये? आंधळा भाग अडीच सेंटिमीटर.

थर्ड अंपायर पहिल्यांदा वापरला गेला तो १९९२च्या नोव्हेंबरमध्ये, डर्बनच्या कसोटीत. टीव्ही रिप्ले बघून आउट दिलेला पहिला बॅट्समन कोण, तर आपला सचिन तेंडुलकर, रनआउट. डोळ्याने जे सुटतं ते चित्रात सापडावं, एवढ्याचसाठी ती सोय झाली. डर्बनला त्यासाठी टीव्ही कंपनीचा ताफा लागला. आशागडला दोन फोन पुरतात. आपण ते वापरतो बॅट्समन केसांवरून हात फिरवतो त्याच्या स्लो मोशनसाठी.

तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. मुख्य कॅमेरा बॉलरच्या हातामागे, उंचावर, ट्रायपॉडवर. १०८०पी, ५० फ्रेम, दिवसा शटर १/८०० ते १/१०००. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक. (फोनवर बोट दाबून धरलं की होतं. नाहीतर समोरून वडापाववाला गेला की फोकस त्याच्या टोपलीवर, आणि कॅमेरा आकाशाकडे वळला की सगळे खेळाडू काळे.) ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशन बंद. दुसरा फोन स्क्वेअर लेगला, बरोबर क्रीझच्या रेषेत, २४० किंवा १२० फ्रेमवर, हलवायचा नाही. 'बरोबर रेषेत' हे महत्त्वाचं. हातभर तिरका लावलात तर बॅट आत असून बाहेर दिसेल, आणि मग वाद कमी होण्याऐवजी वाढतील.

"पण फोर-के का नको?" हा प्रश्न येणारच, आपली जात ती. फोर-के जागेचं बारीक चित्र देतं, आपल्याला वेळेचं बारीक चित्र हवंय. शिवाय ४५ एमबीपीएसने तासाला वीस जीबी होतात. दिवसात आठ मॅचेस. रात्री आशागडहून ते नेटवर्कवर चढवून दाखवा, मी पाया पडतो. उभ्या व्हिडिओबद्दल मात्र माझी तक्रार नाही, लोकांना आश्चर्य वाटतं. बावीस यार्डांची पट्टी बॉलरमागून उभीच असते, उभ्या चौकटीत छान बसते. फील्डर गायब होतात तेवढं सोडा.

आता रात्रीच्या मॅचेस. इथे माझा १/१०००चा तोरा उतरतो, आणि ते सांगणं भाग आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ. डहाणूलाच औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच, त्यांची टर्बाइन्स मिनिटाला ३००० फेरे मारतात ते ह्याच ५० साठी. विजेच्या प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/१००० ने टिपलं तर एका मिणमिणण्याचा दहावा हिस्साच हाती लागतो, कधी उजेडाचा, कधी काळोखाचा. चित्रावर काळे पट्टे सरकतात. १/१०० ठेवला की एक पूर्ण मिणमिणणं आत येतं, पट्टे जातात. चेंडूची रेघ २८ सेंटिमीटर होते, तेवढं सोसायचं.

आणि फोन, ॲक्शन कॅमेरा, सगळ्यांचं डीफॉल्ट ३० फ्रेम, अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी ठरलेलं! आपल्या शंभराला तीसने भाग जात नाही, पन्नासने जातो. म्हणून गोप्रोमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर न्या, आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करा. एकदाच करायचं काम, अर्धं मिनिट लागतं. मी बघितलेल्या दहांतल्या नऊ फोनवर केलेलं नव्हतं, आणि त्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या माझ्या मित्रांचेही फोन होते. चार वर्षं काय शिकलो आपण?

जनरेटर असेल तर आणखी मजा. लोड बदलला, भोंगेवाल्याने आवाज वाढवला, की जनरेटरची फ्रिक्वेन्सी डगमगते आणि पट्टे परत हळूहळू सरकायला लागतात. ह्याला कॅमेऱ्यात पूर्ण औषध नाही, वायरिंगमध्ये आहे. मोठ्या स्टेडियमवर एकाच जागेवर पडणारे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर वाटलेले असतात. एक मंद होतो तेव्हा दुसरा उजळ असतो. आमच्याकडे सगळे एलईडी फ्लड एकाच वायरीवर. थ्री-फेज जनरेटर भाड्याने आणलेला असतो, तरीही! वायरमनला सांगितलं तर तासाभराचं काम आहे (स्वतः हात घालू नका, वायरमनलाच सांगा).

एक आक्षेप मला मान्य आहे. शटर फार आवळला की हालचाल किंचित तुटक दिसते, डोळ्याला टोचते. ५० फ्रेमला ते बरंच कमी होतं, पण अगदी जात नाही. मग? स्पर्धेच्या जाहिरातीची रील बनवायची असेल तर बनवा की चोवीसवर, लावा ती काळी काच, सोडा आग. नाणेफेक घ्या, नारळ घ्या, पाहुण्यांचे हार घ्या. बॉलर रनअपला निघाला की मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं.

येत्या स्पर्धेच्या मंडळाशी बोलणं झालंय. खर्च शून्य आहे म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. दोन्ही टोकांना क्रीझच्या रेषेत सीमेबाहेर एकेक बांबू ठोकणार आहोत, त्यावर फोन बसवायचे. तिघं पोरं आलटूनपालटून बसतील, आणि फायनल उजेडात, चारच्या आत संपवायची असं ठरलंय. ड्रोनवाल्यालाही बोलावलंय. तो बक्षीस समारंभ शूट करणार.